मोडले म्हणून टाकावे काय?

वैशाख सरत आला म्हणजे आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत घरोघरी शाकारणीची धांदल उडते. छपरावरील कौले उतरवून चाळली जातात. फुटलेली बाजूस काढून त्यांच्या जागी नवी बसविली जातात. कारवीच्या कुडास जेथे भगदाड पडले असेल तेथे शेणामातीचा लेप देऊन भिंत पुन्हा सारखी केली जाते. चार कौले फुटली म्हणून कोणी घर पाडीत नाही. नांगराचा फाळ झिजला तर तो लोहाराच्या भात्यापाशी जातो. पातेल्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याची वाट पाहिली जाते. आणि तारप्याच्या सांध्याचे मेण सुटले तर ते ऊब देऊन पुन्हा बसविणारे हात आपल्या पाड्यांत आहेत. दुरुस्ती ही विद्या आपल्या लोकांस कोणी बाहेरून येऊन शिकविली नाही; ती आपल्या संसाराची रीतच आहे.

असे असता याच घरातील पंखा फिरावयाचा थांबला, टीव्हीचा पडदा काळा पडला, अथवा मिक्सरमधून जळका वास आला, की त्याच हातांचा धीर सुटतो. कारण उघड आहे. फुटलेले कौल डोळ्यांस दिसते. विजेच्या उपकरणाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याविषयी दुसरा सांगेल ते खरे मानणे भाग पडते. शेजारी म्हणतो, "टाकून द्या, आता कोण दुरुस्त करीत बसतो?" आजोबा म्हणतात, "जुने ते सोने. वाटेल ते करा, पण टाकू नका." दोन्ही बोल ऐकावयास गोड वाटतात, कारण दोहोंतही विचार करण्याचे श्रम वाचतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, दुरुस्त करावे की नवे घ्यावे हा प्रश्न स्वभावाचा नसून हिशेबाचा आहे. आणि तो हिशेब शहरातील माणसाकडून उसना न आणता आपला आपण मांडला पाहिजे. हे तुम्ही कोणत्या अधिकाराने सांगता, असे कोणी विचारील तर, एका चुकीच्या अधिकाराने, असेच उत्तर मला द्यावे लागेल. ती चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा नुकतीच उघडली असता मोखाडा तालुक्यातील एक पालक मजकडे आले. त्यांची मुलगी आठवीत माझ्या वर्गात होती. मृगाच्या पहिल्या गडगडाटात घरचा टीव्ही बंद पडला होता. आवाज येई, पण चित्र दिसेना. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, यावर पैसे घालू की नवीन घेऊ?" मी संच पाहिला नाही, कोणा जाणकारास विचारले नाही. संच चार वर्षांचा आहे एवढे ऐकले आणि, "जुन्यावर पैसे घालू नका, हल्ली हप्त्यांवर नवा सहज मिळतो," असे सांगून मोकळा झालो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी हप्त्यांनी नवा संच घेतला. आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात, हे वाचकांस सांगावयास नको. या गृहस्थांचे दोन हप्ते थकले, तेव्हा त्यांनी भट्टीमालकाची उचल नेहमीपेक्षा आधी घेतली आणि दसरा होताच सारे कुटुंब डोंगर उतरून गेले. मुलीची सहामाही परीक्षा बुडाली. ती पुन्हा वर्गात दिसली ती नाताळची सुटी संपल्यावर, आजीपाशी राहावयास आली तेव्हा.

जुना संच त्यांनी शेजाऱ्यास तसाच देऊन टाकला होता. शेजाऱ्याच्या मुलाने दहावीनंतर वीजतंत्रीचे शिक्षण घेतले होते. त्याने खोली अंधारी करून पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा धरला, तेव्हा आत पुसटसे चित्र हलताना दिसले. म्हणजे पडदा शाबूत होता, चित्रही उमटत होते. केवळ पडद्यामागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या होत्या. त्याने त्या पट्ट्या नाशिकहून आणविल्या व बसविल्या. सारा खर्च ९०० रुपये झाला. तो संच आजही चालतो, आणि त्या घरी जाण्याचा प्रसंग आला की त्याकडे पाहणे मला जड जाते. मुलीच्या बुडालेल्या परीक्षेचा सारा दोष माझ्या सल्ल्यावर टाकणे बरोबर होणार नाही. गरिबीची मुळे याहून पुष्कळ खोल गेलेली आहेत. तथापि त्यात माझा वाटा होता. जे प्रश्न मी त्या दिवशी विचारावयास हवे होते व विचारले नाहीत, तेच येथे क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न असा की, नेमके काय बिघडले आहे? "पंखा बिघडला" हे त्याचे उत्तर नव्हे. आजाऱ्याने "बरे वाटत नाही" म्हणावे तसलाच तो प्रकार आहे. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, अथवा अगदी मंद फिरतो, तर बहुधा त्याचा कंडेन्सर अशक्त झालेला असतो. तो भाग सामान्यतः १०० रुपयांच्या आत मिळतो. मिक्सर भरलेल्या भांड्यासह एकाएकी थांबला, तर पुष्कळ मिक्सरांच्या तळाशी एक लहानसे बटण असते. भार अधिक झाल्यामुळे ते सुटते, आणि यंत्र निवल्यावर दाबले की काम पुन्हा सुरू होते. फिरताना ठिणग्या अधिक पडू लागल्या, तर आतील कार्बन झिजले असण्याचा संभव असतो. इस्त्री तापेना, तर प्रथम तिची वायर पाहावी; ती रोज पिळली जाऊन आतल्या आत तुटते. फ्रिज पुरेसा थंड करीना, तर दारात कागदाचा तुकडा धरून दार लावावे व तो ओढून पाहावा. कागद सहज निसटला तर दाराचे रबर सैल झाले आहे आणि थंडावा तेथून पळतो आहे, असे समजावे. या सर्वांच्याही आधी ते उपकरण दुसऱ्या प्लगास लावून पाहावे, कारण कित्येकदा दोष उपकरणात नसून भिंतीतच असतो. उलटपक्षी, टीव्हीचा पडदाच तडकला असेल तर त्या एका पडद्याची किंमत बहुधा नव्या संचाच्या किमतीजवळ जाऊन पोचते. तेथे दुरुस्तीचा हट्ट व्यर्थ होय. तात्पर्य, "बंद पडला" हा शब्द एकच. पण त्याच्या पोटी १०० रुपयांचा दोषही असतो आणि १०,००० रुपयांचाही. दोष कळल्यावाचून निर्णय करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे आहे.

दुसरा प्रश्न, सारा खर्च किती? येथे मुंबई-पुण्याचा हिशेब आपल्या कामाचा नाही. तेथे दुरुस्तीचा माणूस दारी येतो. आपल्याकडे जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. आणि कंपन्यांची अधिकृत सेवाकेंद्रे बहुधा अशाच मोठ्या शहरांत असतात. वस्तू पोचविण्यास एक खेप, आणावयास दुसरी. दोन्ही वेळचे भाडे, आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी. शहरात जी दुरुस्ती ६०० रुपयांची, ती अशा रीतीने खोडाळ्याच्या वा सूर्यमाळच्या माणसास १,५०० रुपयांच्या घरात पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण अशाच प्रसंगी सुचली असावी. परंतु न्यायाने पाहू गेल्यास हीच फूटपट्टी नव्या वस्तूसही लावली पाहिजे. नवी वस्तूही डोंगर चढूनच यावयाची. तिच्या हप्त्यांवर व्याज किंवा निराळे शुल्क असेल तेही तिच्याच किमतीत धरावयाचे. आणि विजेचा दाब कमीअधिक होत असेल तर स्टॅबिलायझरही तिच्याबरोबर घ्यावा लागणार. दुकानात लिहिलेली किंमत ही नव्या वस्तूची अर्धीच गोष्ट असते.

याच ठिकाणी पावतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हमीची मुदत संपली नसेल तर वस्तू बाहेर कोणाकडून उघडवू नये, हमी जाते. पावती व हमीपत्र पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाजवळ, जपून ठेवावे. हमी असूनही कोणी दाद देईनासा झाला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला तक्रारीचा मार्ग आपणांस मोकळा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीच ठेवलेला आहे. मुंबईच्या माणसास जो अधिकार, तोच मोखाड्याच्या माणसास. परंतु अधिकार पावतीशिवाय सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न, वस्तू आणखी किती वर्षे चालेल? हा प्रश्न लोक सहसा विचारीत नाहीत, आणि खरी मेख येथेच आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवे घ्यावे, नाही तर जुने दुरुस्त करावे, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. या नियमाने मी एकदा चांगलाच फसलो. माझ्या घरचा फ्रिज बारा वर्षांचा असताना त्याचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्ती ६,५०० रुपये, नवा फ्रिज १६,००० रुपये. निम्म्याहून कमी म्हणून मी आनंदाने दुरुस्त करून घेतला. दोन वर्षांनी तो पुन्हा बसला, तेव्हा डोळे उघडले. ६,५०० रुपयांत दोन वर्षे, म्हणजे वर्षास ३,२५० रुपये पडले. नवा घेतला असता आणि तो दहाच वर्षे टिकला असता, तरी वर्षास १,६०० रुपये पडले असते. आता त्या टीव्हीचा हिशेब पाहा. ९०० रुपयांत तो आणखी तीनच वर्षे चालला असे धरले, तर वर्षास ३०० रुपये. १४,००० रुपयांचा नवा संच सात वर्षे टिकला, तर वर्षास २,०००. म्हणून निम्म्याचा नियम सोडून देऊन खर्चास उरलेल्या वर्षांनी भागावे. तिसरी-चौथीच्या मुलास येणारा हा भागाकार आहे. पण तो घरात एकदा मोठ्याने करून पाहिला, तर पुष्कळ भांडणे मिटतील.

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे योग्यच आहे, की गुरुजी, वर्षास १,६०० रुपये पडोत की ३,२५०. ज्याच्या गाठीस आज १६,००० रुपये नाहीतच, त्याने काय करावे? अशा माणसाने कर्जाचे ओझे हिशेबात धरावे आणि एक तिसरा मार्गही विसरू नये. तो म्हणजे थांबणे. दुरुस्ती आणि खरेदी या दोहोंखेरीज काही काळ त्या वस्तूवाचून राहणे हाही एक निर्णय आहे. दिवा नसेल तर मुलाचा अभ्यास अडतो; आजाऱ्याचे औषध थंड ठेवावयाचे असेल तर फ्रिज अडतो; टीव्हीवाचून मात्र चार महिने सहज निघतात. जी वस्तू थांबू शकते तिच्यासाठी उचल घेऊ नये. पाहुण्यांसमोर बंद संच दिसतो म्हणून लाज वाटणे मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु लाज चार दिवसांची आणि हप्ता बारा महिन्यांचा, हे विसरून चालत नाही.

नव्या वस्तूच्या बाजूनेही एक सबळ मुद्दा आहे, तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी नावाने मिळणारा नव्या जातीचा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसास बारा तास पंखा चालला तर बचत होते ५४० वॅट-तासांची, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक. असे वर्षाचे २४० दिवस धरले तर सुमारे १३० युनिट होतात. आता आपल्या बिलावरील दराने गुणावे. युनिटास ८ रुपये पडत असतील तर वर्षास १,००० रुपयांहून अधिक वाचतात, आणि नवा पंखा तीन वर्षांच्या आत आपली किंमत फेडतो. पण ज्या घरी महिन्यास १०० युनिटांहून कमी वीज लागते तेथे दरही कमी असतो, आणि पंखाही बारा तास फिरत नाही. अशा घरी जुन्या पंख्यास नवा कंडेन्सर घालणेच शहाणपणाचे. उलट वसतिगृहात, जेथे दहा-वीस पंखे रात्रभर फिरतात, तेथे जुने पंखे मोडतील तसतसे नवे घेणे फायद्याचे. पंखा तोच, घर बदलले की उत्तर बदलते.

चौथा प्रश्न सर्वांत लहान, पण त्यास अपवाद नाही: वस्तू सुरक्षित आहे काय? मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नये, दाबू नये, तिला पुन्हा चार्जिंगला लावू नये. ती पेट घेते. ज्या वस्तूच्या धातूच्या अंगास हात लावताच झिणझिण्या येतात ती त्याच क्षणी बंद करावी. हल्लीच्या अनेक फ्रिजांत आर-६०० ए नावाचा ज्वालाग्राही वायू असतो. तेथे केवळ शिकलेल्या कारागिरानेच हात घालावा. विद्यार्थ्यांस विशेष बजावून सांगतो की, प्लग काढल्यावरही टीव्ही व मायक्रोवेव्ह यांच्या पोटातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. कुतूहल चांगले, पण ते शिक्षकाच्या वा कारागिराच्या देखतच भागवावे. आणि उपचारापेक्षा प्रतिबंध बरा. ज्येष्ठाच्या अखेरीस आभाळ गडगडू लागताच टीव्हीचा प्लग व डिशची वायर दोन्ही काढून ठेवणे, एवढ्या एका सवयीने आपल्या तालुक्यांतील कित्येक संच वाचतील.

असे चार प्रश्न मी सांगितले. परंतु यांची उत्तरे गरीब माणसास मिळू नयेत अशी व्यवस्थाही जगात पुष्कळ काळ चालत आली आहे. १९२४ साली जिनिव्हा येथे युरोप-अमेरिकेतील विजेचे दिवे बनविणाऱ्या मोठ्या कारखानदारांनी फीबस नावाचा एक संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवण्याचा करार केला. त्यापूर्वी १,५०० ते २,००० तास चालणारे दिवे मिळत असत. ज्याचे दिवे अधिक टिकत त्या सभासदास दंड होई. अल्पायुषी दिवा अधिक लख्ख उजेड देतो, असा बचाव त्यांनी केला, आणि त्यात काही तथ्यही होते. पण चांगल्या मालाबद्दल दंड करणारा व्यापार केवळ उजेडासाठी झटत होता, असे कोण म्हणेल? तो संघ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मोडला. वृत्ती मात्र मोडली नाही. आज बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते, स्क्रू विचित्र असतात, आणि चार वर्षांत सुटे भाग मिळेनासे होतात.

समाधानाची गोष्ट ही की, सरकारेही आता जागी होऊ लागली आहेत. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर त्यांच्या दुरुस्तीसुलभतेचा गुणांक छापण्याची सक्ती केली. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्या भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. २०२५ साली एका समितीने आपल्या देशातही असा दुरुस्ती-गुणांक असावा, अशी शिफारस केली. हे सर्व स्तुत्य होय. परंतु दिल्लीत मान्य झालेला हक्क मोखाड्याच्या बाजारपेठेत उतरावयाचा, तर तेथे तो पाने-पकडीनिशी वापरणारा माणूस असावा लागतो. दुरुस्त करणारा हातच नसेल, तर दुरुस्तीचा हक्क विहिरीवाचून मिळालेल्या पोहऱ्यासारखा आहे.

या बाबतीत सौरदिव्यांचे उदाहरण मला बोधप्रद वाटते. पाड्यांवर देणगीदाखल आलेले सौरदिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तेच दिवे खुंटीस लटकलेले, मुके, तेही पाहिले आहेत. पत्रा शाबूत, दिवा शाबूत. केवळ बॅटरी संपलेली, आणि ती बदलावयास कोणी नाही. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी दहा लक्ष सौरदिव्यांची योजना महाराष्ट्रासह चार राज्यांत हाती घेतली, तेव्हा हे ध्यानी ठेवले होते. दिवे ग्रामीण भागातच स्थानिक लोकांकडून जोडून घ्यावयाचे व त्यांनाच दुरुस्ती शिकवावयाची, हे त्या योजनेचे तत्त्व होते. राजस्थानात तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने तर फारसे शिक्षण न झालेल्या खेड्यातील स्त्रियांस सौरविजेच्या कामात तरबेज करून दाखविले. वस्तू देणे सोपे; वस्तूबरोबर तिचा वैद्य देणे कठीण, पण खरा उपकार तोच.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे की, गावातील दुरुस्तीच्या दुकानास केवळ अडचणीच्या वेळी आठवू नये. दोष पाहण्याबद्दल त्याने ५०-१०० रुपये मागितले आणि नंतर "हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही" असे सांगितले, तर ते पैसे बुडाले असे समजू नये. खरे सांगणाऱ्या वैद्याची ती फी होय. तो माणूस जगला तर आपल्या शंभर घरांचे पंखे फिरतील. आपला मुलगा वा मुलगी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री होऊ इच्छीत असेल, तर "एवढे शिकून शेवटी पेचकसच हाती घेणार काय?" असे कृपा करून म्हणू नये. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे ठेवला. त्या वेळी हाती चरखा होता. आज झाळण्याची इस्त्री असेल, तरी विचार तोच आहे.

शाळेसही एक सूचना करतो. महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, एक टेबल मांडावे. गावातील एखादा कारागीर व विज्ञानाचे शिक्षक तेथे बसावेत. मुलांनी घरची बंद पडलेली लहान उपकरणे आणावीत आणि ती उघडताना पाहावीत. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहरी २००९ साली असाच एक मेळावा भरला आणि पुढे त्याची प्रथा अनेक देशांत पसरली. आपण तर शाकारणीच्या देशचे लोक आहोत. तसेच प्रत्येक विद्यार्थ्याने घरी एक दुरुस्ती-वही ठेवावी: कोणती वस्तू, केव्हा घेतली, किती रुपयांस, केव्हा बिघडली, काय बदलले, किती खर्च आला. दोन वर्षांत त्या वहीइतका चांगला सल्लागार गावात दुसरा सापडणार नाही.

शेवटी ज्या वस्तूचा काळ खरोखरच भरला असेल, ती टाकतानाही विवेक हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लक्ष टन विद्युत कचरा निर्माण झाला, आणि त्याचा पाव हिस्साही नीट गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद नाही. जुन्या फुगीर टीव्हीच्या काचेत व इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळणारी मुले आपण पाहतो. तो काळा धूर त्यांच्याच छातीत जातो. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी असा कचरा परत घेऊन मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवे घेताना जुने परत घेता काय, असे दुकानदारास विचारावे. निदान ते ओढ्यात टाकू नये व जाळू नये.

आमच्या शाळेत सर्व धर्मांची मुले एकत्र बसून शुभवर्तमानातील कथा ऐकतात. त्यांतील दोन येथे आठवतात. पाच हजारांची पंगत उठल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे वेचावयास लावले, आणि बारा टोपल्या भरल्या; ज्याने एवढ्यांस जेवू घातले त्यासही तुकडा वाया जाणे रुचले नाही. दुसऱ्या ठिकाणी तोच प्रभू सांगतो की, जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही. ते ठिगळ ओढ घेऊन वस्त्र अधिकच फाडते. त्या वचनाचा आध्यात्मिक अर्थ थोर व निराळा आहे, हे मी जाणतो. परंतु त्यातील व्यवहाराचे निरीक्षण किती अचूक आहे! पहिली कथा काटकसर शिकविते, दुसरी तिला मर्यादा घालते. दोन्ही ज्याच्या ध्यानी राहिल्या, तो मोडलेल्या वस्तूपुढे गोंधळणार नाही.

मित्रहो, यंदाच्या शाकारणीच्या वेळी छपरावर चढाल तेव्हा कौले चाळणारे आपले वडील कसे वागतात ते पाहा. ते प्रत्येक कौल हाती घेतात, बोटाने वाजवून पाहतात, आणि मग ठेवावयाचे की टाकावयाचे ते ठरवितात. त्या पालकांनी मला प्रश्न विचारला, त्या दिवशी मी कौल वाजवून पाहिले नाही. आपण पाहा, एवढेच मागणे आहे.